जिचं लुगडं, तिची गाय

शहापूर,
५ जानेवारी १९४०

तीर्थरूप मामांना कमळचा नमस्कार. डोकं तुमच्या पायांवर ठेवलंय, पण डोक्यात काय चाललंय ते आधी ऐका.

तुमचं कार्ड मिळालं. तुमी लिवता, झालं गेलं विसर आणि सासरी जा, सवत आली म्हणून काय झालं, बहिणीसारख्या राहा, तुझी कवडी गाय गोठ्यात तुझी वाट बघते. वाचून मी रडले, मामा. सवतीसाठी नाय, कवडीसाठी. म्हटलं, मी रागानं निघून आले आणि ते मुकं जनावर तिथं माझ्या नावानं हंबरत असेल.

आणि काल बाजारात तुमच्याकडचा घोंगडीवाला भेटला. सहज विचारलं, तर म्हणतो, "तुझी गाय? ती तर देवदिवाळीलाच तुझ्या नवऱ्यानं, कुंडलिकानं, शेटच्या फारमात विकली." तोच ना, मुंबईच्या शेटनं टोकावड्याच्या अलीकडं तारा ठोकून जनावरांचा मळा केलाय तो? तुमच्या दारापासून दीड कोस! तुमी त्याच रस्त्यानं जाता येता! मग गोठ्यात माझी वाट बघते ती कोण, मामा?

माझा मांडव आठवा. कालवडीला हळदकुंकू लावून तिचं दावं तुमी माझ्या हातात दिलंत. चार लोकांसमोर म्हणालात, "घर नवऱ्याचं, शेत सासऱ्याचं. ही आंदणाची कालवड आणि हिच्या पोटचं जे होईल ते कमळचं. कमळ जाईल तिथं ही जाईल." या जगात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. मला मूल झालं नाय म्हणून कुंडलिकानं दुसरी आणली. बरं, आणली. मला वांझोटी म्हणाला, तेही ऐकून घेतलं. पण आंदणाची गाय विकायला ती काय त्याच्या बापानं दिली होती?

मी ठरवलंय. गीताबाईला तुमी ओळखत नाय. मी जिच्याकडं राहते ती. नवरा वारल्यापासून स्वतः गाडी हाकते, भाताचा पेंढा बाजारात नेते, आणि कुणी वाकडं बोललं तर त्याची पिढी काढते. तिनं गाडीवर तट्ट्यांचं छप्पर घातलंय. आत पेंढा, वर गोधड्या, मागं चूल आणि तांदळाची गोणी. शेजारची सोमी पण येते. संक्रांत झाली की आमी तिघी म्हशाच्या जत्रेला निघतो. राहणं गाडीत, रांधणं गाडीत. सरळगावला रस्ता फुटतो, उजवीकडं म्हसा आणि डावीकडं टोकावडे. आमी आधी डावीकडं वळणार. शेटचा मळा म्हणे जत्रेची माणसं बघायला जातात. आमी पण बघू. बघायला कोण नको म्हणतो?

तुमची कमळ

---

टोकावडे,
९ जानेवारी १९४०

चि. कमळ हिला आशीर्वाद. द्यायचे म्हणून देतो. नायतर तुझं पत्र वाचून हातात छडी घ्यावी असं वाटलं.

गाय विकली हे खरं. तुला लिवलं नाय हेही खरं. पोरीचा संसार मार्गी लागावा म्हणून माणसं शंभर खोटं बोलतात, मी एक बोललो. त्याची काय फाशी देणार आहेस?

वासरू मेल्यापासून ती गाय तुझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती, हे तुलाच ठाऊक. तू गेलीस आणि तिनं लाथा झाडायला सुरुवात केली. भाकड जनावर कोण पोसणार? कुंडलिकानं देऊन टाकली. तो म्हणतो, आंदण घरात आलं म्हणजे घराचं झालं. फारमातही तिचं तेच चाललंय असं ऐकतो. शेट भाकड जनावरं पौष पुनवेला म्हशाच्या बाजारात काढणार आहे, आणि तिथं खाटीक टपून बसलेले असतात. म्हणजे तो विषय संपलाच म्हणायचा. सोडून दे.

आणि हे काय नवीन? तीन बायका, बरोबर पुरुष माणूस नाय, आणि रस्त्यात मुक्काम! लोक काय म्हणतील? जयरामाची भाची गाडीत बिऱ्हाड घेऊन उंडारते म्हणतील. या गावात चार माणसं मला मानतात, ती चारही माझ्या तोंडावर हसतील.

माझ्या रंगूचा तरी विचार केलास का? ती त्याच घरात आहे, कुंडलिकाच्या धाकट्या भावाला दिलेली. तू तिकडं गाईसाठी बोंब ठोकलीस की इकडं रंगूला माहेरी हाकलतील. एकुलती एक पोर आहे माझी. तिच्या संसाराला तुझ्या हट्टाची आग लागली तर मी कुठं तोंड दाखवू?

येऊ नको. आलीस तर माझ्या दारात पाय ठेवू नको. बजावून सांगतो.

तुझी मामी बरी आहे. तुझ्यासाठी तिळाचे लाडू करायला बसली होती. मी नको म्हटलं. करतेच आहे.

जयराम

---

शेटच्या फारमाचं फाटक,
१८ जानेवारी १९४०

मामा,

दारात पाय ठेवू नको म्हणालात, नाय ठेवला. तुमच्या दारापासून दीड कोसावर बसून लिवते. पत्र घेऊन आलाय तो चांगो, फारमातला गडी. त्याला पाणी द्या. का ते पुढं कळेल.

तुमी लिवलंत की खाटकाचं ठरलंय, म्हणून विषय संपला. ते वाचल्यावर थांबते कशाला? संक्रांतीचा तीळगूळ तोंडात होता तसंच आमी बैल जुंपले.

वाटेत मजा आली, खोटं कशाला सांगू? नदीकाठी भात शिजवला, सुकट भाजली, रात्री तिघी एका गोधडीत. किन्हवलीच्या पुढं जत्रेचा एक गाडीवान आडवा आला. "बायांनो, तुमचा गाडीवान कुठं हरवला?" गीताबाई म्हणाली, "चाकाखाली गेला. जागा मोकळी आहे, येतोस?" तो जो पुढं गेला तो परत मागं बघेना.

फारमात आमाला कुणी अडवलं नाय. घोडे बघितले, ठिपक्यांची हरणं बघितली. एक शहामृग होतं. सोमी म्हणाली, "अगो बाय, एवढा मोठा कोंबडा! याला डालायचा कशाखाली?" सगळे हसले. मी पण हसत होते. हसत हसतच गुरांच्या पडवीत शिरले.

कवडी होती. हाडं वर आलेली. कपाळावरचा पांढरा ठिपका तेवढा तसाच. आणि तिच्याखाली चरवी धरून कोण बसलं होतं? हे भल्या मोठ्या मिशांचा बाप्या, हाच चांगो, माझं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन! जत्रेतली माणसं पोट धरून हसत होती. मला हसू आलं नाय. माझ्या अंगावरचं लुगडं होतं ते, मामा. सासरहून निघाले तेव्हा वळणीवर राहिलेलं. चांगोनंच सांगितलं, कुंडलिकानं गाय विकली आणि वर म्हणाला, "हे नेसून बसा, म्हणजे तिला बायको वाटेल आणि दूध देईल." माझी गाय विकली, माझं लुगडं विकलं. मी तेवढी हाताला लागले नाय, नायतर मलाही बांधून दिलं असतं.

म्यानेजर साहेब हॅट घालून तिथंच होते. मी म्हटलं, "साहेब, हे लुगडं माझं."

"कशावरून?"

"काठाला चुलीची ठिणगी पडून भोक पडलंय. हिरवा दोरा नव्हता म्हणून लाल दोऱ्यानं शिवलंय. बघा."

चांगो स्वतःच उभा राहिला आणि गोल फिरून काठ दाखवला. होता लाल टाका.

मी म्हटलं, "साहेब, विकणाऱ्यानं तुमाला लुगडं कशाला दिलं? गाय या बाईशिवाय कुणाची नाय, हे त्याला ठाऊक होतं म्हणून ना? मग त्यानंच तुमाला सांगितलं की गाय कुणाची. जिचं लुगडं, तिची गाय."

साहेब म्हणाले, "बोलायला ठीक आहे. बसून दाखव."

चांगो माझ्या कानाशी पुटपुटला, "ताय, विचार कर. दूध निघालं तर साहेब गाय सोडायचा नाय. नाय निघालं तर ती खाटकाची." खरं होतं. पण मामा, ती माझ्याकडं बघत होती. म्हटलं, माझी नाय झाली तरी चालेल, जगू दे. मी खाली बसले. "कवडे," म्हटलं, "आले गो बाय मी." तिनं माझी मान चाटली. आणि मग धार लागली. ती दूध देत होती आणि मी रडत होते.  आटली नव्हती ती, माझ्या लुगड्याच्या वासावर चांगोला पेलाभर सोडायची. बाकी कुणाला देत नव्हती इतकंच. मला वांझ म्हणाले, हिला भाकड म्हणाले. म्हणणारं तोंड एकच.

झालं चांगोनं म्हटलं तेच. साहेब खूश. "ही तर दुभती आहे! बाई, तू इथंच राहा, धारा काढायला ठेवतो तुला."

मी म्हटलं, "साहेब, गाय तुमी विकत घेतली म्हणता. लुगडं विकत घेतलं नाय. माझं लुगडं माझ्या हातात द्या." चांगोनं तिथंच सोडून दिलं. आत धोतर होतं म्हणून बरं, नायतर पंचाईत होती.

तेव्हापासून आमची गाडी फाटकासमोर सोडली आहे. बैल मोकळे, चूल पेटलेली. आत कवडी हंबरते, बाहेरून मी हाक देते. चांगोनं दुसऱ्या बाईचं लुगडं नेसून बघितलं, कवडीनं त्याच्या गुडघ्यावर लाथ दिली. जत्रेला जाणारी प्रत्येक गाडी इथं थांबते, विचारते, आणि गीताबाई पयल्यापासून सांगते. साहेबाला घाम फुटलाय. आज सकाळी फाटकाशी येऊन म्हणाला, "शेट चोरीचं जनावर ठेवत नाय. ज्यानं आंदण दिलं त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं, मी गाय सोडतो आणि विकणाऱ्याला बघून घेतो. पण पुनवेआधी. पुनवेला शेट येणार, मग माझ्या हातात काय नाय."

दीड कोस, मामा. दिलेली गोष्ट दिली होती एवढंच सांगायचं आहे. या.

कमळ

---

टोकावडे,
१९ जानेवारी १९४०

कमळ,

मी येत नाय.

तुझा तमाशा रंगूच्या सासरी पोचला. तिचा सासरा निरोप पाठवतो, जयराम फारमाच्या फाटकात दिसला तर त्याची पोर त्याच दिवशी त्याच्या ओसरीवर दिसेल. आता सांग, मी काय करू? एका पोरीला गाय देऊ आणि दुसरीला घरातून काढू? तू म्हणशील मामा भित्रा. म्हण. पोरीचा बाप झालीस की कळेल.

लाडू पाठवतो. ते मी पाठवत नाय, मामी पाठवते.

चांगोला पाणी दिलं. एवढा मिशांचा माणूस, पोटासाठी लुगडं नेसून गाईखाली बसतो! शी. मी असतो तर गळ्याला फास लावला असता. पुरुषाची काही लाज असते.

तुझं पत्र मामीनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.  भाकऱ्या थापत बसली आहे. एवढ्या कशाला, विचारलं, तर म्हणते, लागतील.

जयराम

---

शहापूर,
३० जानेवारी १९४०

मामा,

भाकऱ्या कशाला ते तुमाला दुसऱ्या दिवशी कळलंच असेल.

उन्हं वर आली होती. रस्त्यानं एक बाई येताना दिसली, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं, पदर खोचलेला. सोमी म्हणाली, कुणीतरी भांडायला येतंय. बघते तर मामी! जन्मात कधी एकटी गावाच्या वेशीबाहेर गेली नव्हती, ती दीड कोस चालत आली. गाठोडं माझ्याकडं टाकलं. सरळ फाटक ढकलून म्यानेजरच्या खुर्चीसमोर.

"तुमाला देणारा पायजे ना? देणारी चालेल का?"

साहेब उठून उभे राहिले. मामी म्हणाली, "मी बाईजा, जयरामाची बायको. माझ्या बापानं मला आंदणात गाय दिली. तिची कालवड, आणि त्या कालवडीची ही. पोटापोटानं माझी. ती मी कमळला दिली. माझा नवरा मांडवात नुसता दावं धरून उभा होता. बोलला तो, पण गाय माझी होती. आता सांगा, या गाईचा कुठला पाय कुंडलिकाचा?"

साहेबानं डोक्यावरची हॅट काढली. चांगोला म्हणाला, "सोड." चांगोनं दावं माझ्या हातात दिलं आणि कवडीला म्हणाला, "सुटलो बाबा. तू पण आणि मी पण."

मी मामीला म्हटलं, "रंगूचं काय गो?" मामी म्हणाली, "रंगूला मी तशी लेचीपेची जन्माला घातलेली नाय. तिला निरोप धाडलाय. तिचं ती बघेल."

मग आमी निघालो आणि मामी गाडीत चढून बसली. मी म्हटलं, टोकावड्याला सोडू का? तर म्हणाली, "लग्न झाल्यापासून हे म्हणतात, पुढच्या वर्षी तुला म्हशाच्या जत्रेला नेतो. ते पुढचं वर्ष मी आज आणलंय. हाक गो गीताबाई." जत्रेत ती पाळण्यात बसली, मामा! तीनदा बसली. कवडी गाडीमागं बांधलेली, चार बाया गाडीत, आणि खाटीक लोक बाजूनं बघत होते. मी त्यांना मुद्दाम रस्ता मागितला.

मामी आता इथंच आहे. कधी येणार विचारू नका, तिलाच अजून ठाऊक नाय. कवडी दोन्ही वेळा दूध देते.

तुमी आला नायत. मला राग आहे. आहे म्हणून सांगते. तुमच्यासारखं गोठ्यात वाट बघते म्हणून लिवणार नाय.

कमळ

---

टोकावडे,
१० फेब्रुवारी १९४०

चि. कमळ हिला मामाचे आशीर्वाद. या वेळी खरे.

राग आहे म्हणालीस, असू दे. तो तुझा हक्क आहे.

रंगूची बातमी आधी सांगतो. म्यानेजरचा माणूस कुंडलिकाच्या दारात गेला, आरडाओरडा झाला. मग रंगूचा सासरा तिला म्हणाला, उचल तुझं बोचकं. रंगू गेली गोठ्यात आणि आंदणाची म्हैस सोडून अंगणात आणून उभी केली. म्हणाली, "निघते. पण ही माझी. कमळताईची गाय शेटच्या तारेतून बाहेर आली, ही तर तुमच्या नुसत्या खुंट्याला आहे." त्या घराचं निम्मं दूध त्या म्हशीचं. सासऱ्यानं स्वतः म्हैस परत बांधली आणि रंगूला चहा दिला म्हणे. पोर तिथंच आहे, आणि आता जरा ताठ चालते. मी ज्याला भीत होतो ते हे. म्हणजे मी कशाला भीत होतो ते आता मलाच समजत नाय.

इथं घर म्हणजे धर्मशाळा झालंय. भाकरी एक तर करपते, नायतर कच्ची. ते चालवून घेतो. पण मामीची गाय! मामी गेल्यापासून तिनं माझ्याकडं पाठ फिरवली. पयल्या दिवशी चरवीला लाथ, दुसऱ्या दिवशी मला. वासरू दूध पितं तेवढंच. सड तटतटलेले, गाय रात्रभर कण्हते. मला बघवेना.

काल संध्याकाळी दार लावून घेतलं आणि वळणीवरचं मामीचं लुगडं काढलं. नेसता येईना. कसंतरी गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला, आणि अंगणातून गोठ्याकडं निघालो. फास लावून घेईन म्हणालो होतो ना? नाय लावला. शेजारचा लडकू ओट्यावर बसला होता. त्यानं बघितलं, आणि त्यानं जी बोंब ठोकली, "अरे या रे, जयराम बाई झाला!", अर्धा गाव कुंपणाला लागला. ती चार माणसं होती, मला मानणारी. चारही होती.

मामीला सांग, तिला आता यायची घाई नको. राहू दे हवं तेवढं. पुढच्या बाजाराला मीच पेंढ्याची गाडी घेऊन शहापूरला येतो. तुला म्हटलं होतं, माझ्या दारात पाय ठेवू नको. तुझ्या दारात मला ठेवू देशील का?

गाव हसत होतं. लडकू तर जमिनीवर लोळत होता. गाईनं मान वळवून माझा पदर हुंगला आणि पान्हा सोडला. मी उठलो नाय, कमळ. चरवी भरेपर्यंत बसून राहिलो.

तुझा मामा
जयराम